सहा टिंबांचा खासदार

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांनी आधीच ऐकलाय त्यांना एक-दोन ठिकाणी फरक जाणवेल, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी मी एक साल चुकीचं बोललो होतो. ते इथं दुरुस्त केलंय.

आजची गोष्ट न्यूझीलंडच्या एका अंध खासदाराची आहे. पण सुरुवात माझ्या ऑफिसातून करावी लागेल, कारण मला हा माणूस तिथे सापडला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहेच. दोन वर्षांपूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे कर्मचाऱ्यांसाठी रजेचा अर्ज भरायचं एक अ‍ॅप होतं. ते आमच्याच टीमनं बनवलेलं. टेस्टिंगला एक सहकारी होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पूर्ण अंध. तो स्क्रीन रीडर वापरायचा. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं ना, तसंच. आमचं अ‍ॅप उघडलं की त्याला काय ऐकू यायचं? "बटन. बटन. बटन." बटनांना आम्ही नावंच दिली नव्हती. डोळ्यांना चित्र दिसत होतं, मग नाव कशाला?

त्यानं तिकीट टाकलं. ते माझ्याकडे आलं. मी प्राधान्य 'कमी' केलं आणि पुढच्या रिलीजला ढकललं. पुढच्या रिलीजला पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा तो माझ्या टेबलापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "अरे, मला रजा टाकायची असली की शेजारच्याला सांगावं लागतं. रजा कशासाठी हवी आहे तेसुद्धा."

मला काही बोलता येईना. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याच्या हातातल्या जाड पुस्तकाबद्दल विचारलं. मराठी ब्रेलमधली कादंबरी होती. मी तोवर ब्रेलला कधी हात लावला नव्हता. त्यानं माझं बोट धरून एका अक्षरावर ठेवलं. तीन टिंबं, एकाखाली एक. "हा ल. डावीकडची तिन्ही टिंबं." मग दुसऱ्या ओळीत, "आणि हा ळ. उजवीकडची तिन्ही." ल आणि ळ आरशासमोर उभे राहिल्यासारखे! मी विचारलं, हे कुणी ठरवलं? तो म्हणाला, "तू इतिहासाचा पॉडकास्ट करतोस ना? शोध की."

तर शोधलं. ठरवणारे बरेच होते, भारतीय भाषातज्ज्ञ होते, अंध शिक्षक होते. पण त्या सगळ्यांना एका टेबलाशी आणण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्याचं नाव सर क्लूथा मॅकेंझी.

क्लूथा हे न्यूझीलंडमधल्या एका नदीचं नाव. या नदीकाठच्या बालक्लूथा गावात १८९५ मध्ये हा मुलगा जन्मला, म्हणून नाव क्लूथा. वडील थॉमस मॅकेंझी राजकारणातले. १९१२ मध्ये काही महिने न्यूझीलंडचे पंतप्रधान होते आणि मग देशाचे हाय कमिशनर म्हणून लंडनला गेले. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा क्लूथा एकोणीस वर्षांचा. वेलिंग्टन माउंटेड रायफल्समध्ये भरती झाला. नावात घोडदळ असलं तरी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या डोंगरांवर घोडे चालणार नव्हते, त्यामुळे ही माणसं पायीच लढली. ऑगस्ट १९१५ मध्ये चुनुक बेअर नावाच्या टेकडीसाठी झालेल्या लढाईत तोफगोळा फुटला आणि वीस वर्षांच्या क्लूथाचे दोन्ही डोळे गेले.

पुढचा भाग नीट ऐका, कारण आपली गोष्ट खरी इथून सुरू होते.

तो लंडनला पोचला तेव्हा तिथे सेंट डन्स्टन्स नावाची संस्था नुकतीच सुरू झाली होती. सुरू करणारे सर आर्थर पिअर्सन. 'डेली एक्सप्रेस' हे वर्तमानपत्र काढणारे हेच. काचबिंदूनं त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. त्या काळात अंधांच्या बहुतेक संस्था म्हणजे आश्रम. जेवण, कपडे, प्रार्थना आणि जमलंच तर टोपल्या विणणं. पिअर्सनचं म्हणणं वेगळं होतं. सैनिक इथे राहायला आलेले नाहीत, शिकून बाहेर पडायला आलेत. मग तिथे टायपिंग, शॉर्टहँड, मसाज, टेलिफोन ऑपरेटरचं काम, कोंबडीपालन, जोडे दुरुस्ती असं सगळं शिकवलं जायचं. मसाज म्हणजे आजच्या भाषेत फिजिओथेरपी.

क्लूथानं तिथे नव्यानं लिहा-वाचायला शिकून घेतलं आणि १९१६ पासून लंडनमध्ये न्यूझीलंडच्या सैन्याचं नियतकालिक संपादित करायला लागला. एकविसाव्या वर्षी, डोळे जाऊन वर्ष होतंय तोवर, संपादक! वडील हाय कमिशनर होते याचा फायदा झाला नसेल असं मी म्हणणार नाही. झालाच असेल. पण युद्ध संपेपर्यंत अंक निघत राहिले, आणि ते काही वडिलांनी काढले नव्हते.

युद्धानंतर तो मायदेशी परतला. १९२१ मध्ये ऑकलंड ईस्ट मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, रिफॉर्म पक्षाकडून उभा राहिला आणि निवडून आला. सव्वीस वर्षांचा अंध खासदार. पण कारकीर्द फार चालली नाही. पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाच्या जॉन ए. ली यांनी त्याला हरवलं. ली यांनी त्याच युद्धात एक हात गमावला होता. म्हणजे एकाचे डोळे नाहीत, दुसऱ्याला एक हात नाही, आणि दोघं एकाच जागेसाठी भांडतायत. त्या पिढीचं चित्र एवढ्यात येतं.

आता तुम्ही म्हणाल, वर्षभराचा खासदार, त्याच्यावर अख्खा एपिसोड? बरोबर आहे. संसदेतल्या वर्षासाठी मीही केला नसता.

हरल्यावर १९२३ मध्ये तो ऑकलंडच्या ज्युबिली इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंडचा संचालक झाला आणि पुढची पंधरा वर्षं तिथे राहिला. सेंट डन्स्टन्समध्ये जे शिकला ते आता सैनिक नसलेल्या अंधांसाठी करायचं होतं. हा फरक छोटा वाटतो, पण नाही. युद्धात डोळे गेलेला तरुण हा 'हिरो' असतो. त्याच्यासाठी लोक वर्गणी देतात, सरकार पेन्शन देतं. जन्मतः अंध असलेल्या किंवा आजारानं डोळे गेलेल्या माणसाला तेच लोक भिक्षा देतात. मॅकेंझीचं पुढचं सगळं आयुष्य ही दोन टोकं जोडण्यात गेलं असं मला वाटतं. पैसे उभे करायला त्यानं संस्थेतल्या अंध वादकांचा बँड गावोगावी फिरवला. १९२४ मध्ये न्यूझीलंडमध्ये अंधांसाठी सरकारी पेन्शन सुरू झालं. १९३५ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. इथेच थांबला असता तर आपल्याला त्याचं नाव कळायचं काही कारण नव्हतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. आता भारतीय सैनिक जगभरच्या आघाड्यांवर लढत होते आणि त्यातले काही डोळे गमावून परत येत होते. त्यांच्यासाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचं वसतिगृह उघडलं, आणि ते उभं करणारा होता मॅकेंझी. आधी आपण त्याला 'तो' म्हणत होतो, पण आता पन्नाशीकडे झुकलेले सर क्लूथा आहेत, तेव्हा 'ते' म्हणू.

भारत सरकारनं त्यांच्यावर आणखी एक काम टाकलं. देशातल्या अंधत्वाचा आढावा घ्यायचा. तो अहवाल १९४४ मध्ये आला. त्यात देशातल्या अंधांचा अंदाज होता वीस लाख. त्या मानानं अंधांच्या शाळा मोजक्याच. मुंबईत परिस्थिती त्यातल्या त्यात बरी होती. अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० मध्ये सुरू केलेली शाळा होती, तीच पुढे दादरची अंध शाळा म्हणून ओळखली गेली. ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा होती. पण या शाळांतून शिकलेला मुलगा पुढे काय करणार?

आणि इथे मॅकेंझींना ती अडचण दिसली, जी मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात जास्त भिडली. भारतात एक ब्रेल नव्हती. अनेक होत्या.

थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. ब्रेलच्या एका घरात सहा टिंबांच्या जागा असतात, दोन स्तंभ, प्रत्येकी तीन. प्रत्येक टिंब एकतर उठावदार असतं किंवा नसतं. म्हणजे सहा बिट. दोनाचा सहावा घात, चौसष्ट. कोरं घर सोडलं तर त्रेसष्ट चिन्हं. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणानं १८२९ मध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. आता प्रश्न असा, की कोणतं चिन्ह कोणत्या अक्षराला? रोमन लिपीचं ठरलेलं होतं. पण आपल्याकडे क, ख, ग, घ, ङ. मग ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं. मिशनरी नोल्स आणि गार्थवेट यांची एक पद्धत. गुजरातचे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची दुसरी. कलकत्त्याच्या लाल बिहारी शाहांची तिसरी. आणखीही होत्या. प्रत्येकानं प्रामाणिकपणे, मुलांच्या भल्यासाठीच केलेलं काम. पण परिणाम असा, की एका पद्धतीत शिकलेल्या मुलाच्या हातात दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक दिलं तर भाषा त्याची स्वतःची असूनही त्याला ते वाचता येणार नाही.

हे वाचताना मला जुने मराठी फॉन्ट आठवले. शाळेच्या कॉम्प्युटरवर टाईप केलेली फाईल सायबर कॅफेत उघडली की नुसती आकड्यांची आणि चिन्हांची भेळ दिसायची. फॉन्ट वेगळा, कोड वेगळा. युनिकोड आलं तेव्हा ते संपलं. ब्रेल वाचणाऱ्यांचं तसंच होतं, फक्त त्यांच्याकडे फॉन्ट बदलायची सोय नव्हती. बोटं तीच.

आणि याचा नोकरीशी थेट संबंध आहे. प्रत्येक पद्धतीची पुस्तकं वेगळी छापायची तर कुठल्याच पद्धतीत पुरेशी पुस्तकं होणार नाहीत. शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला तर त्याला पुन्हा शिकावं लागणार. पुस्तकं नाहीत म्हणून शिक्षण अर्धवट, शिक्षण अर्धवट म्हणून टोपल्या विणणं. मग लोक म्हणणार, बघा, अंधांना एवढंच जमतं.

१९४०च्या दशकात सरकारी समितीनं सगळ्या भारतीय भाषांसाठी एक सामाईक ब्रेल बनवायचा प्रयत्न केला. त्यात मॅकेंझीही होते. आराखडा झाला आणि वादही झाले. मुख्य भांडण हे, की भारतीय ब्रेल आपल्या वर्णमालेच्या हिशेबानं स्वतंत्र असावी की जगातल्या ब्रेलशी जुळणारी? मला दोन्ही बाजू समजतात. देश स्वतंत्र होतोय, आणि तुम्ही सांगताय की आमच्या 'क'ला इंग्रजी के-चं चिन्ह द्या? राग येणारच. दुसरीकडे, ज्या मुलाला पुढे टायपिस्ट किंवा टेलिफोन ऑपरेटर व्हायचंय त्याला इंग्रजी लागणारच, आणि 'क', 'ब', 'म', 'र' ही चिन्हं दोन्हीकडे सारखी असली तर त्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

वाद मिटेना तेव्हा १९४९ मध्ये भारत सरकारनं प्रश्न युनेस्कोकडे नेला. युनेस्कोनं सल्लागार म्हणून कोणाला घेतलं? मॅकेंझींनाच. मार्च १९५० मध्ये पॅरिसला बैठक झाली, फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूतला. आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तत्त्व साधं: उच्चार सारखा तर चिन्ह सारखं. मराठीतला ब, उर्दूतला बे आणि इंग्रजीतला बी, सगळ्यांना तीच दोन टिंबं. जे आवाज रोमन लिपीत नाहीत, ते उरलेल्या चिन्हांत बसवायचे. आपला ळ असा उजव्या स्तंभात जाऊन बसला.

यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, 'क' नंतर. ब्रेलमध्ये बोलतो त्याच क्रमानं येतं, आधी 'क', मग 'इ'. युनिकोडमध्येही वेलांटी 'क'च्या नंतरच साठवली जाते. म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना जे नंतर सुचलं ते ब्रेलवाल्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

डेहराडूनचं सैनिकांचं वसतिगृह १९५० मध्ये सरकारनं घेतलं आणि प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र केलं. सैनिक असण्याची अट गेली. मघाशी म्हणालो ती दोन टोकं इथे जुळली. १९५१ मध्ये तिथेच केंद्रीय ब्रेल छापखाना सुरू झाला. आता एकाच लिपीच्या हिशेबानं अनेक भाषांची पुस्तकं छापता येत होती. आज तिथे दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आणि जानेवारी १९५२ मध्ये आपल्या मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, सुरू झाली.

मॅकेंझी पुढे युनेस्कोच्या जागतिक ब्रेल परिषदेचे अध्यक्ष झाले. जगभरच्या भाषांच्या ब्रेल एकत्र मांडणारं 'वर्ल्ड ब्रेल यूसेज' हे पुस्तक १९५३ मध्ये निघालं, ते त्यांनीच तयार केलं. नंतर ते युगांडात गेले, तिथल्या अंधांसाठी काम करायला. १९६६ मध्ये वारले.

(जाता जाता: भारताच्या लोकसभेतला पहिला अंध खासदार कोण? साधन गुप्ता. बॅरिस्टर, कम्युनिस्ट पक्षाचे. १९५३ मध्ये कलकत्त्यातून पोटनिवडणूक जिंकून आले. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करायचाय.)

आता माझ्या लहानपणीची एक आठवण. बाबा बँकेत होते. त्यांच्या शाखेत टेलिफोन ऑपरेटर होते, अंध. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मी घरून फोन केला की "कोण पाहिजे?" असं ते कधी विचारायचे नाहीत. माझं "हॅलो" ऐकलं की "बाबा केबिनमध्ये आहेत, थांब" म्हणून जोडून द्यायचे. सगळ्या शाखेचे नंबर पाठ. त्या काळात सरकारी कार्यालयांत आणि बँकांत असे अनेक काका होते. केंद्र सरकारनं १९७७ मध्ये क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा ठेवल्या, त्यातला एक टक्का अंधांचा. १९९५ च्या कायद्यानं त्याला आणखी बळ दिलं, २०१६ च्या कायद्यानं एकूण चार टक्के केले. टेलिफोन ऑपरेटर हे सेंट डन्स्टन्समध्ये १९१५ पासून शिकवलं जाणारं काम. लंडनपासून बाबांच्या शाखेपर्यंत ते येऊन पोचलं होतं.

मग एक दिवस बँकेत नवीन यंत्र बसलं. "एक्स्टेंशन माहीत असल्यास आता दाबा." काकांना दुसऱ्या टेबलावर बसवलं, पण त्या टेबलावरचं काम कागदांचं होतं, दिसणाऱ्या माणसाचं. पगार चालू राहिला. ते दिवसभर बसून असायचे, असं बाबा सांगायचे. बाबांना ते सांगताना वाईट वाटायचं. मला तेव्हा ते मशीन भारी वाटलं होतं.

ते यंत्र कुणीतरी माझ्यासारख्यानंच बनवलं असणार. वाईट हेतूनं नाही. नंबर लवकर लागावा म्हणून. मॅकेंझींच्या पिढीनं तीस-चाळीस वर्षं बैठका घेऊन, वाद घालून जी वाट तयार केली, ती एका सोयीच्या यंत्रानं बंद झाली, आणि बनवणाऱ्याच्या लक्षातही आलं नसेल. दुसरीकडे, आज अंध माणूस टेस्टर होऊ शकतो, कोड लिहू शकतो, कारण स्क्रीन रीडर आहेत. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर तर दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरनी मिळून सुरू केला. वाट पुन्हा उघडलीय. फक्त त्या वाटेवर "बटन. बटन. बटन." असे धोंडे टाकणारे आम्हीच आहोत.

तर त्या तिकिटाचं काय झालं? सांगतो. ज्या बटनांना नावं द्यायची होती ती एकूण अकरा निघाली. एक दुपार लागली. अकरा महिने ढकललेलं काम, एक दुपार. मी त्याला मेसेज टाकला, बघ जरा. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "रजा टाकली. कारण विचारू नकोस."

तारीख निवडायच्या कॅलेंडरमध्ये मात्र तो अडकला, ती तारीख त्याला शेजारच्याकडूनच टाकून घ्यावी लागली. त्याचं दुसरं तिकीट त्यानं संध्याकाळपर्यंत टाकलं. या वेळी प्राधान्याचा रकाना त्यानं स्वतः भरला होता.